डाव्या कडेचे तीन इंच

"मधलं कुनीबी बघतंय, साहेब. आदी कड बघा."

हे म्हणताना मामांचा एक डोळा मिटलेला असायचा आणि दुसऱ्यासमोर पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे धरलेले असायचे. ते एकमेकांवर सरकवले की मधली खिडकी लहान-मोठी होई. मामा नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना तसं म्हणत; कासार आंबोलीच्या फाट्यावर त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं, दहा फूट बाय आठ. समोरचा डोंगर, एसटीची वाट पाहणारी माणसं, भज्यांची बशी, सगळं ते आधी त्या खिडकीतून बघत. एकदा ती माझ्यावर धरून म्हणाले, "तुमचं कान कापावं लागत्यात. मग बसताय बराबर."

तुमच्याही रस्त्यावर असा एखादा कारागीर असेल. आपण काम द्यायला जातो आणि तो आपल्यालाच तपासतो.

मी घोटावड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रविवारी कॅमेरा घेऊन धरणाच्या बाजूला जातो. फोटो कसा काढावा हे मला कॅमेऱ्याच्या पुस्तिकेपेक्षा मामांनी जास्त शिकवलं. कडेला अर्धवट फांदी आली की ते बोटानं टकटक करत. "हिला कुनी बोलावलं हुतं?"

दुकानामागच्या खोलीत मामी गवताच्या काड्यांची चित्रं करत. काळ्या कापडावर काडी काडी चिकटवून होडी, भाताचं खाचर, बगळा. शनिवार-रविवार बंगल्यांवर येणारी मंडळी ती हौसेनं नेत. मामींचा बगळा नेहमी अगदी कडेला उभा असे.

"आगं, चौकटीखाली जातोय त्यो! मधी घे की."

"मधी त्याला काय काम? मासं कडंला असत्यात."

मामा माझ्याकडे बघून मान हलवत आणि चौकट अर्धा इंच मोठी करत. मामींच्या चित्राला त्यांनी कधी कात्री लावली नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो.

एका कार्तिकात मी माले गावाजवळ धरणाच्या काठावरून एक फोटो काढला. पलीकडे डोंगर, खाली त्याची सावली, अलीकडे वाळत आलेलं गवत. अठरा बाय बाराची प्रिंट करून दुकानात नेली. मामांनी पुठ्ठे काढले, सरकवले, पुन्हा सरकवले.

"डावी कड काडा. बाईमाणूस मधीच आलंय."

डाव्या बाजूला खरंच एक बाई होती, अंगठ्याच्या नखाएवढी. पाठमोरी, डोक्यावर गवताचा भारा. फोटो काढताना मला ती दिसलीही नव्हती.

"राहू दे की," मी म्हणालो.

"न्हाई. डोंगूर एकटा पायजे."

पट्टी लावून त्यांनी तीन इंच कापले. ती कातरण इतर कातरणांत पडली. कातरणं मामी चुलीला लावत. घरी येऊन मीही कॉम्प्युटरवर तेवढीच कड काढली आणि मूळ फोटोच्याच जागी साठवली. एका फोटोच्या दोन प्रती ठेवणं मला पसारा वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन मामी गेल्या. आठ दिवसांत.

महिन्याभरानं मामा माझ्या घरी आले. भिंतीवरच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"साहेब, त्या बाईच्या भाऱ्याला पिवळी पट्टी हुती. काचेच्या खोक्याची आसती तसली. आमची हितनं तीच न्यायची. काड्याचं गवत तिला माल्याचंच लागायचं." मग हळू आवाजात म्हणाले, "ती पिवळी रेघ माज्या डोळ्यात खुपली. म्हनून तर कापली."

तसल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आमच्या कारखान्यातूनही रोज बाहेर पडतात. अर्धा तालुका त्यांनी भारे बांधतो.

"मामींचा दुसरा फोटो असेल ना?"

"आधार कार्डावर हाय. पन ती घाबरलेली बाई हाय, आमची न्हवं." ते पुन्हा भिंतीकडे वळले. "साडी कंची हुती? हिरवी हुती का?"

"मला आठवत नाही, मामा."

ते गेल्यावर बायको माझ्यावर भडकली. "हिरवी म्हणायचं! तुमचं काय जात होतं?"

माझं काहीच जात नव्हतं. पण मला रंग आठवत नव्हता.

त्यानंतर मामांनी तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. एकदा दुकानात, एकदा भर रस्त्यात एसटी थांबलेली असताना. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. जुनी मेमरी कार्डं मी तीन वेळा तपासली, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. काही मिळालं नाही. दुकानात आता ते कुणाचाही फोटो कापत नसत. गिऱ्हाइकानं सांगितलं तर म्हणत, "चौकट मोटी करतो. फोटूला हात न्हाई लावायचा."

गेल्या माघात ते माझा फोटो भिंतीवरून काढून घेऊन गेले. "चार दिस द्या." चार दिवसांचे पंधरा झाले. मी मागायला गेलो नाही. मग कळलं, मामा झोपेतच गेले.

त्यांची मुलगी फोटो घेऊन आली. "तुमचं नाव लिवलंय काका, म्हनून आनला."

चौकट नवी होती. आत डोंगर, सावली, गवत, पण सगळं उजवीकडे सरकलेलं. डावीकडे नुसता कोरा पांढरा पुठ्ठा. मी मोजपट्टी लावली. तीन इंच, दोराभरही इकडे नाही की तिकडे नाही. मागं पेन्सिलीनं मामांच्या अक्षरात माप होतं: १८ × १२, कड धरून.

फोटो पुन्हा भिंतीवर लावला आहे. अजूनही रविवारी माल्याला जातो, कॅमेरा डोळ्याला लावतो, आणि डोंगर बघायच्या आधी नजर डाव्या कडेला जाते. तिथं गवत हलतं. कुणी नसतं. मी थांबतो. बऱ्याचदा फोटो न काढताच परत येतो.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ही जागा कोरी का? फोटो चुकीचा बसलाय का?

नाही, मी सांगतो. तिथे एक बाई आहे. डोक्यावर भारा घेऊन चालली आहे. साडीचा रंग मला आठवत नाही.