रिपोर्टातला एकच माणूस

लग्नानंतर मी चेन्नईला आले ती कोल्हापूरच्या पतसंस्थेतली नोकरी सोडून, आणि हे मी नवऱ्याला दिवसातून एकदा तरी ऐकवत असे. तो पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सकाळी जायचा, तो अंधार पडल्यावरच उगवायचा. मधल्या वेळात मी, रिकामं घर आणि भाजीवाल्या बाईंशी खाणाखुणा. गवार आणायला गेले आणि भेंडी घेऊन आले, असं किती वेळा झालं. चूक त्या बाईंची नसायची, तरी राग मला त्यांचाच यायचा.

शेवटी नवऱ्यानं सुचवलं, "जे जे शिकतेस ते लिहून ठेव. मी वेबसाइट करून देतो." माझं तोंड बंद ठेवायला काढलेली ही युक्ती आहे, असं मला वाटलं. होतीच. पण लिहायला बसले आणि रमले. कुठल्या भाजीला तमिळमध्ये काय म्हणतात, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, रिक्षावाल्याशी बोलायला कुठली वाक्यं पुरतात, उद्या दूध नको हे कसं सांगायचं. सगळं नव्यानं आलेल्या मराठी बायकांसाठी. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी म्हणजे फॉन्टची कटकट. एकाच्या स्क्रीनवर अक्षरं दिसायची, दुसऱ्याच्या स्क्रीनवर नुसते चौकोन. म्हणून मी प्रत्येक शब्दाचं छोटं चित्र करून पानावर लावलं. शेवग्याचं जरा तिरकं लागलं, ते तसंच राहिलं.

महिनाअखेरीला वेबसाइट किती जणांनी पाहिली याचा पहिला रिपोर्ट आला. त्यात 'हिट्स' म्हणून एक आकडा होता, आणि तो हजारांत होता. मी लगेच आईला फोन करून सांगितलं, की तुझ्या लेकीचं लिहिणं हजारो लोक वाचतात. आईनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. संध्याकाळी नवरा घरी आला, त्यानं रिपोर्ट पाहिला आणि ओठ दाबून हसला.

"अगं, हिट म्हणजे माणूस नव्हे. पानावरचं एकेक चित्र उघडलं की एकेक हिट धरतात. तुझ्या भाज्यांच्या पानावर चित्रंच चित्रं. एक माणूस डोकावला की पन्नासेक हिट्स झाल्याच."

त्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोलले नाही. पण माणूस खरं बोलत होता, आणि पुढे दर रविवारी शेजारी बसून त्यानं मला रिपोर्ट वाचायला शिकवलं, न कंटाळता. याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे, तोंडावर कबूल करत नसले तरी. माणसांचा आकडा वेगळा, पानांचा वेगळा. कोण कुठून आलं, किती वेळ थांबलं. पतसंस्थेत ताळेबंद जुळवलेली बाई मी, मला ते कळायला वेळ लागला नाही. कळलं तसा मग एकेक आकडा गळायला लागला. आमच्या घरचा कॉम्प्युटर वजा. नवऱ्याचं ऑफिस वजा, कारण त्यानं मला बरं वाटावं म्हणून सगळ्या मित्रांच्या कॉम्प्युटरवर माझंच पान पहिलं उघडेल असं करून ठेवलं होतं. सर्च इंजिनचे रोबो, म्हणजे पानं आपोआप चाळणारे प्रोग्रॅम, तेही वजा. उरले कोण, तर चुकून आलेले, आले तसे पळालेले. आणि एकच जण, जो कामाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी यायचा, एखादं पान उघडायचा आणि जायचा.

"हाही रोबोच," नवरा म्हणाला. "माणूस इतका वक्तशीर नसतो."

तोही वजा केला. खाली काही उरलं नाही.

त्याच सुमारास पतसंस्थेतल्या साहेबांचा फोन आला. माझी जागा पुन्हा भरायची होती, संक्रांतीनंतर काय ते सांगा म्हणाले. मी नवऱ्याला सांगून टाकलं, की मी जाते. वेबसाइटचे पैसे भरलेलं वर्ष संपतंय, ती पुढे चालू ठेवू नकोस. इथे माझा कुणाला उपयोग नाही. तो भांडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, पुण्याला बदली मिळते का बघतो. भांडला असता तर बरं झालं असतं. ती मिळाली तरी तो पुण्यात, मी कोल्हापुरात, आम्ही दोघं दोन गावांत राहणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. निघायच्या आधी सगळ्यांना भेटून घ्यावं म्हणून गेले. बायका ओळीनं बसल्या होत्या, कुणी वाण म्हणून डबी देत होतं, कुणी कंगवा. माझ्याहून लहान दिसणारी एक मुलगी मला कुंकू लावून म्हणाली, "हे घ्या ताई," आणि तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक छापील कागद माझ्या हातात ठेवला.

माझं पान होतं ते. भाज्यांचं. शेवगा तिरका.

"नव्याच आलात का?" मी कागद उलटसुलट करून बघतेय हे पाहून ती म्हणाली. "मग जपून ठेवा. आम्ही शहराबाहेर, श्रीपेरुंबुदूरकडे राहतो. माझे मिस्टर गाड्यांच्या कारखान्यात आहेत. तिथे त्यांच्या खात्यात इंटरनेट एकाच कॉम्प्युटरवर आहे. जेवणाच्या सुट्टीत ते एखादं पान छापून घेतात, मग ते कंपनीच्या बसमध्ये फिरतं. आमच्याकडे मराठी घर असं नाही, की जिथे हे ओट्यावर चिकटवलेलं नाही."

"लिहितं कोण?" मी विचारलं.

"नाव नाही दिलेलं. आपल्यातलीच कुणीतरी असणार. बाई चिडकी वाटते, पण सांगते ते बरोबर असतं." ती हसली. "खरं सांगू का ताई, मी पहिल्याच महिन्यात माहेरी निघाले होते. बॅग घेऊन रिक्षात बसले. तिच्या रिक्षाच्या पानावरचं एक वाक्य म्हणून बघितलं, तर रिक्षावाल्याला कळलं. मला इतकं बरं वाटलं, की स्टेशनावर गेलेच नाही. त्याला बाजारात न्यायला सांगितलं आणि कांदे घेऊन घरी आले."

मागच्या बाईंना पुढे यायचं होतं, मी सरकले. ती बाई मीच, हे तिला सांगायला हवं होतं. पण तोंड उघडलं असतं तर भर हळदीकुंकवात रडले असते. तिचं नावही विचारायचं राहिलं. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ दिलं, पण त्या मुलीनं दिलं तसं वाण पुन्हा कुणी दिलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "तुझा रोबो भेटला नाही, पण त्याची बायको भेटली." सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग उठून वेबसाइट आणखी वर्षभर चालू राहील, याची व्यवस्था करायला बसला.

सोमवारी साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते भले गृहस्थ, त्यांना माझी काळजी वाटली. "तिकडे माणसं आहेत का आपली कुणी?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "बस भरून आहेत."