साडूंचा रातवा

आमचे साडू पस्तीस वर्षं जंगलात रखवालदार होते, पण घरात त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नसे. मेहुणी खेकसायची, "कपाळावर आहे!" मात्र भर दुपारी रातवा शोधावा तर साडूंनीच. रात्री उडणारा हा पक्षी दिवसभर पाचोळ्यात पाचोळा होऊन पडून राहतो. घरटं बांधायचाही कंटाळा. अंडी सरळ जमिनीवर. मी म्हणायचो, "तुमचाच भाऊबंद दिसतोय, साडू!" ते हसायचे नाहीत.

"पक्षी शोधूच नका," ते सांगायचे. "ज्या पानाला मिटल्यासारखी बारीक फट दिसेल, तो डोळा. गळ्याशी पांढरा डाग. फांदीवर असला तर आडवा नाही, फांदीच्या लांबीने बसणार. आणि तिन्हीसांजेला चक-चक-चक ऐकू आलं की समजा, तोच."

निवृत्तीला महिना उरला आणि साडू राखत असलेल्या जंगलाच्याच एका तुकड्यावर गाडीतळ करायचं ठरलं. साडूंनी नोकरीत पहिल्यांदाच साहेबांपुढे तोंड उघडलं. तिथे रातवा अंड्यांवर बसलाय म्हणाले.

"दाखवा. अंडी दिसली तर काम थांबवतो," साहेब म्हणाले.

खोटं कशाला बोलू, फुकटची करमणूक म्हणून मीही गेलो. साडू सहा पावलांवर थांबले आणि बोट दाखवलं. साहेबांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली.

"कुठंय?"

"त्या काटकीच्या डावीकडे, साहेब."

"तिथे पाचोळा आहे."

"तोच."

साहेबांबरोबर आलेला कारकून फिसकन हसला. "उडवा की मग! म्हणजे दिसेल तरी."

"उडवला तर परत येईलच असं नाही. उन्हात अंडी भाजतील."

आता मला राहवतंय होय? "साडू, चष्मा कपाळावर तर नाही ना राहिला?"

सगळे खो खो हसले. हसता हसताच साहेब पुढे निघाले.

"साहेब, पाय—"

बुटाशेजारून पाचोळा फडफडत उठला. पंखांवरचे पांढरे ठिपके क्षणभर चमकले.

"दिसला! दिसला!" साहेब पोरासारखे ओरडले. "मानलं बुवा तुम्हाला! आता अंडी दाखवा."

साडूंनी त्यांच्या बुटाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी गवतावर बूट पुसला. कारकुनाने लिहिलं: एक पक्षी आढळला, उडून गेला. अंडी आढळली नाहीत. सोमवारी यंत्रं आली.

चिडवायची माझी खोड काही गेलेली नाही. साडूंनीच आमच्याकडे येणं सोडलंय.