जीपमधला मुकादम

सई, चिन्मय, तुम्हा नातवंडांसाठी हे आज लिहिते आहे, कारण काल कुंभार पिंपळगावच्या बाजारात तो मला पुन्हा दिसला. त्याचं नाव मला अजूनही माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी जालन्याहून घनसावंगीला येणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी होता. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, पोटाला शौचाची पिशवी. एका हाताने ती सांभाळत त्याने तपासणीच्या रिपोर्टचा लिफाफा पुढे केला. "माय, इंग्रजी येतं ना? गाठ लिव्हरात गेली का, एवढंच वाचा. डॉक्टर सोमवारी भेटणार, तवर मला दम न्हाई."

मी दोनदा वाचलं. "कुठेही पसरलेली नाही."

"गाडी रसवंतीपाशी घे!" तो ड्रायव्हरवर ओरडला, आणि सगळ्या जीपला रस पाजला.

सई, रस पिताना मी त्याला तुझं कर्करोगावरचं संशोधन सांगितलं. पेशीतले काही लांबलचक आरएनए स्वतः एकही प्रथिन बनवत नाहीत, पण त्यांच्या इशाऱ्यावर गाठीच्या पेशी पसरायला निघतात. तो मोठ्याने हसला.

"म्हंजी मुकादमच की! मी कुठं कोयता धरतो? पण मी हाक मारल्याबिगर टोळी गाव सोडत न्हाई. नातीला सांगा, कोयतेवाल्यांमागं पळू नको, मुकादम धर."

काल तो ट्रॅक्टरवर उभा राहून टोळीला हाका मारत होता. मला पाहताच त्याने पोटावर थाप मारली. पिशवी नव्हती. "माय, आतला मुकादम हारला!"

सई, तुझा मुकादम अजून पुरता हाती लागायचा आहे. हा मात्र ठणठणीत आहे, आणि त्याची हाक अजून उसाच्या पलीकडे ऐकू जाते.