तारमामांची मधली डबी

प्रिय ऋता आणि अद्वैत,

ऋता गेले तीन महिने दोन कॅमेऱ्यांपैकी कुठला घ्यावा हे ठरवते आहे, असं तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं आणि मला तारमामा आठवले. लहानपणी मे महिन्यात माझ्याकडे गुंदला यायचात तेव्हा तुम्ही त्यांच्या अंगणात खेळलेले आहात, पण तुमचं सगळं लक्ष त्यांच्या फणसावर असे. माणूस बघायचा राहूनच गेला. तो आता क्रमाने सांगते.

दोन्ही तळहात पुढे करायचे, तराजूच्या पारड्यांसारखे. एकदा हा वर, एकदा तो वर. मग म्हणायचं, "दोन्ही बरं हाय." हे तारमामा. चहा घेणार की कोकम सरबत, असं विचारलं की हात पुढे. सुरुवातीला मी खुलासा मागत असे. पुढे मी दोन्ही देऊ लागले आणि ते दोन्ही पिऊ लागले, आधी चहा.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वैनींना, हे नवीन नव्हतं. त्या म्हणायच्या, "अक्का, मला बघायला आले तवा माझ्या थोरल्या बहिणीलाबी बघितलं. आन म्हणतात कसे, दोन्ही बऱ्या हायत. माझा बा उठला काठी घ्यायला. तवा कुठं माझ्याकडं बोट केलं."

"तू दाराजवळ व्हतीस," तारमामा शांतपणे म्हणायचे.

त्यांची सारी नोकरी जंगल खात्याच्या वायरलेसवर गेली. नोकरीत असतानाच त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा देऊन सरकारी परवाना काढला आणि घरी स्वतःचा सेट मांडला. घरापासून फणसापर्यंत आणि फणसापासून गोठ्यापर्यंत तार ओढली, म्हणून तारमामा. त्या तारेवरून रोज सकाळी सात वाजता ते आसामातल्या एका गृहस्थांशी बोलत. ते चहाच्या मळ्यातले निवृत्त मॅनेजर. दोघे एकमेकांना 'ओल्ड मॅन' म्हणत; हौशी रेडिओत तशी रीतच आहे, पंचवीस वर्षांच्या माणसालाही तेच म्हणतात. बावीस वर्षं हे चाललं होतं. भेट एकदाही नाही. बोलणं काय, तर हवा, पाऊस, गुडघे आणि सकाळी काय खाल्लं.

मग आसामच्या ओल्ड मॅनचे कान गेले.

त्यांच्या मुलीचं इंग्रजी पत्र आलं. इंग्रजी पत्रं वाचायला माझ्याकडे येत, कारण मी जोयड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. मुलीने लिहिलं होतं की कानाच्या यंत्रातून रेडिओची नुसती खरखर ऐकू येते. पण बाबा कॉम्प्युटर शिकले आहेत. तुम्हीही रेडिओला कॉम्प्युटर जोडलात, तर बोललेलं त्यांना पडद्यावर वाचता येईल.

मला ही जादू तारमामांनी समजावली. आपण कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायची. कॉम्प्युटर त्यांची बारीक शीळ करतो, रेडिओ ती शीळ हवेत सोडतो, आणि पलीकडचा कॉम्प्युटर ती ऐकून परत अक्षरं लिहितो. खरखरीत माणसाच्या कानाला काही कळत नाही, तेव्हासुद्धा कॉम्प्युटरला कळतं.

"मग जोडा की," मी म्हटलं.

"जोडायचं, पण कॉम्प्युटर आन रेडिओच्या मधी एक डबी लागती अक्का. कॉम्प्युटरची शीळ रेडिओला पचंल अशी करून द्यायला. आन ती डबी दोन जातीची हाय."

एक डबी बेंगळुरूहून तयार मिळत होती. दुसरी घरी बनवता आली असती, जुन्या सेटमधले दोन छोटे ट्रान्सफॉर्मर काढून. मी विचारलं, कुठली बरी? हात पुढे आले.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर का नाही लिहिलं. गुंदात रेंज हवी तर शाळेमागच्या टेकडावर चढावं लागतं, आणि त्यांचे गुडघे तुम्हाला आताच सांगितले. शिवाय ते म्हणाले, "त्यात फोटू दिसतो. बावीस वर्सं मी त्यास्नी तरणाच वाटतो."

त्यांच्या हुबळीच्या लेकीने जुना लॅपटॉप दिला. डबी ठरेपर्यंत म्हणून तारमामांनी तो नुसत्या वायरीने रेडिओला जोडून पाहिला, आणि रेडिओवरचं असं एक बटण लावलं, ज्याने आवाज आला की रेडिओ आपोआप तो हवेत सोडू लागतो. मग ते म्हशीला पाणी दाखवायला गेले. वैनींना भाचीच्या बाळाच्या बारशाची गाणी ऐकायची होती. त्यांनी लॅपटॉपमध्ये पेन ड्राइव्ह घातला. तारमामा परत आले तेव्हा पाचवा पाळणा चालू होता आणि तो साऱ्या भारतभर जात होता. त्यांनी धावत वायर ओढली. रेडिओतून एक अनोळखी आवाज हिंदीत म्हणाला, "ओल्ड मॅन, मुबारक हो. लडका है या लडकी?"

परवान्यावर गाणी सोडायला सक्त मनाई असते. पुढचे आठ दिवस रस्त्यावर जीप वाजली की तारमामा सेटवर कोंबड्यांचं डालगं पालथं घालत. जीप आमच्या वळणावरून पुढे नंदिगड्ड्याला जाई. कोंबड्या मात्र आपलं घर शोधत माझ्या ओसरीवर येऊन बसत.

नुसती वायर बाद झाली. पुन्हा दोन डब्या उरल्या.

मला गोंधळ सहन होत नाही. मी एक तक्ता केला. डावीकडे तयार डबी, उजवीकडे घरची, खाली आठ मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. एक संध्याकाळभर बसून आम्ही गुण दिले. बेरीज सारखी आली. मी म्हटलं, एखाद्या मुद्द्याचा फेरविचार करा. ते तक्ता घेऊन गेले. मला वाटलं, विचार करत असतील. चार दिवसांनी ते जोयड्याहून तो लॅमिनेट करून घेऊन आले. "लई सुंदर झालाय," म्हणाले. आता त्यावर खोडताही येईना.

मग त्यांनी देवाला कौल लावला. आपल्याकडे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात आणि कुठली आधी पडते ते बघतात. उजवी म्हणजे तयार डबी, डावी म्हणजे घरची, असं ठरलं. पुजाऱ्याने सांगितलं, गाऱ्हाणं थोडक्यात घाला. तारमामांनी ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात केली. घरची वीज, अर्थिंग, त्यामुळे येणारी गुणगुण, तयार डबीत बिघाड झाला तर ती उघडता न येणं, सगळं देवाच्या कानावर घातलं. मागे तिघेजण आपापले प्रश्न घेऊन उभे होते. एकाला म्हैस विकायची होती, तो विचार बदलून घरी गेला.

अर्ध्या तासाने तारमामा हात जोडून थांबले आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

तारमामांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. "बगा," ते मला म्हणाले, "देवबी त्येच म्हणतोय."

"देव वैतागला," वैनी म्हणाल्या. "सुटका करून घेतली त्यानं."

असं वर्ष गेलं. मुलीच्या पत्राचं उत्तरही डबी ठरली की देऊ, म्हणून राहिलं. आम्ही हसत होतो, हे मी कबूल करते. सकाळी सात वाजता ते अजूनही सेट लावून बसत, पण बोलत नसत. नुसती खरखर ऐकत. वैनी मला म्हणाल्या होत्या, "जेवत न्हाईत नीट." मी ते मनावर घेतलं नाही.

मग मुलीचं दुसरं पत्र आलं. आलं संध्याकाळी, मी ते दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांच्या ओसरीवर उभ्याने वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, बाबा रोज सातला पडद्यासमोर बसतात आणि आठला उठतात. मी बाबांना म्हटलं, त्यांच्याकडे यंत्र जुळत नसेल. बाबा म्हणाले, बहिऱ्याशी कोण किती दिवस बोलेल, मीही सोडलं असतं.

तारमामांनी हात पुढे केले नाहीत. ते खाली बसले.

"आता किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेसहा," मी म्हटलं.

"अर्धा तास हाय," म्हणाले आणि उठले. डबी नव्हती, यायला आठ दिवस लागले असते, बनवायला चार. वैनींनी आतून विचारलं, "आता डबी कुठनं आणणार?"

"न्हाई आणायची. तोंडाला कान लावायचा."

त्यांनी लॅपटॉप जमिनीवर ठेवला. रेडिओचा माईक लॅपटॉपच्या आवाजाच्या जाळीवर टेकवला आणि लॅपटॉपचा कान असतो तिथे रेडिओचा स्पीकर आणला. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून या सगळ्यावर वैनींची वाकळ घातली आणि आत शिरले. वाचायला इंग्रजी लागणार, म्हणून मलाही बोलावलं. मी पेन्शनीत निघालेली बाई, त्या वाकळेखाली गुडघे टेकून शिरले. तुमच्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, ते मी लिहीत नाही.

तारमामांनी माईकचं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने लिहिलं. लॅपटॉपने शीळ घातली. त्याच वेळी बाहेर कोंबडा आरवला.

"धर गं त्येला," ते ओरडले.

"धरलाय, सुम्ने गप बसा," वैनींचा आवाज आला. त्या कोंबडा काखेत घेऊन दारात उभ्या होत्या.

बटण सोडलं. खरखर. पडद्यावर कचरा अक्षरं येत होती, एक ओळ, दोन ओळी. वाकळेत घाम सुटला. मग एकेक करून नीट अक्षरं उमटू लागली आणि मी मोठ्याने वाचत गेले. 'गुड मॉर्निंग ओल्ड मॅन. सगळं समजलं. मधे एक्स क्यू झेड पी काय ते कळलं नाही.'

मी तारमामांकडे पाहिलं नाही. वाकळेखाली तेवढी सभ्यता पाळावी लागते. मग त्यांचं बोट चाललं. त्यांनी लिहिलं, 'मुर्गा.'

पलीकडून उत्तर आलं, 'उसको भी गुड मॉर्निंग.'

त्यानंतर तीन वर्षं दोघे तसेच बोलले, रोज सात ते आठ, वाकळेसकट आणि वाचायला माझ्यासकट. डबीचं नाव पुन्हा निघालं नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, आता सवड आहे, कुठली घ्यायची ते ठरवू या का. "कशाला," म्हणाले, "चाललंय की."

गेल्या वर्षी भातकापणीनंतर तारमामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आसामला कळवणं माझ्याकडे आलं. रेडिओवर बोलायला परवाना लागतो, तो मला नाही, वैनींना नाही. ऐकायला मात्र लागत नाही. म्हणून मी पोस्टकार्ड लिहिलं, आणि पत्र पोचेपर्यंत आम्ही दोघी रोज सातला सेट लावून आसामहून येणारी विचारपूस वाचत राहिलो. 'ओल्ड मॅन, तब्येत बरी आहे ना?' असं ते आठ दिवस विचारत होते आणि आम्हाला उत्तर देता येत नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'पत्र मिळालं.' त्या दिवशी आणखी काही आलं नाही.

दहाव्या दिवशी सातला पुन्हा गुड मॉर्निंग आलं. ते वैनींना होतं.

आता ते रोज चार ओळी पाठवतात. हवा, पाऊस, गुडघे, काय खाल्लं. मी वाचते, वैनी ऐकतात आणि काय कळवायचं ते सांगतात. दर मंगळवारी गुंदहून आसामला एक पोस्टकार्ड जातं.

तुमची,
आजी