सव्वा किलोची कादंबरी

जावातल्या स्रागेन गावच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे बसणाऱ्या सुदार्मोंना सगळे आदराने पाक दार्मो म्हणत. वय अठ्ठेचाळीस. एकोणीस वर्षं लोकांची पार्सलं तोलण्यात आणि त्यांवर शिक्के मारण्यात गेलेली. आपण कादंबरी लिहिली आहे हे त्यांना खरं तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पण पोस्टातल्या माणसाचं गुपित पोस्टानेच परत येत असेल, तर ते झाकून राहणार कसं?

पहिल्यांदा परत आली तेव्हा शेजारच्या खिडकीवरच्या कास्नोने पुडकं उचलून काट्यावर ठेवलं.

"सव्वा किलो. जाताना किती होतं, पाक दार्मो?"

"सव्वाच."

"म्हणजे एक ओळसुद्धा ठेवून घेतली नाही त्यांनी. माणसं प्रामाणिक दिसतात हो!"

सगळे हसले. पाक दार्मोही हसले, आणि घरी जाईपर्यंत त्यांच्या कानशिलांत ठणका लागला होता.

कादंबरी त्यांच्या मावशीवर होती. साखर कारखान्याच्या रुळांवरून उसाच्या छोट्या वाघिणी जायच्या, त्यांतून पडलेले ऊस वेचून तिने तीन भाचरं वाढवली. त्यांतलंच एक पाक दार्मो. ही गोष्ट लिहायला त्यांना सात वर्षं लागली होती. संध्याकाळी जेवण उरकलं की भाड्याने आणलेला टाइपरायटर पुढ्यात घ्यायचा आणि दोन बोटांनी बडवत बसायचं. पानं झाली दोनशे ऐंशी.

दुसऱ्या प्रकाशकाकडूनही ती आली तशी परत आली. सोबत छापील चिठ्ठी, 'आमच्या धोरणात बसत नाही.' पाक दार्मोंनी ती बायकोला, मुर्सिनीला, तीनदा वाचून दाखवली.

"धोरण म्हणे! वाचली तरी असेल का?"

"बघायचंय का वाचतात की नाही ते?" मुर्सिनी चुलीपाशी तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळत होती. तिने शेजारच्या भाताच्या भांड्यातलं एक शीत बोटावर घेतलं. "दहावं नि अकरावं पान याने चिकटवून द्या. वाचणाऱ्याला सोडवावंच लागेल."

या वेळी हस्तलिखित जाकार्ताच्या एका प्रकाशकाकडे गेलं. पाच महिन्यांनी परत आलं. पानं चिकटलेलीच होती.

पाक दार्मोंनी दोन दिवसांची रजा टाकली, पुडकं पिशवीत घातलं आणि गाडी पकडून थेट जाकार्ता गाठलं. वाटभर त्यांनी भाषण तयार केलं होतं. पण कचेरीत जी संपादिका समोर आली ती जेमतेम तिशीची, हेस्ती नावाची, आणि तिच्या टेबलामागे छतापर्यंत पुडकीच पुडकी रचलेली. ते बघून भाषणातला अर्धा दम तिथेच गेला. तरी त्यांनी चिकटलेली पानं तिच्यापुढे ठेवली.

"ही तुम्ही उघडलीसुद्धा नाहीत, बाई."

"नाही उघडली," हेस्ती शांतपणे म्हणाली. "मी प्रत्येकाची पहिली सहा पानं वाचते. सहा पानांत तुमच्या मावशीचे आजोबा गावात येतात, विहीर खणतात, आणि विहिरीला पाणी लागत नाही. मावशी कुठाय?"

"येते की! सत्तेचाळिसाव्या पानावर."

"ती यायच्या आत मी उठून गेले, पाक दार्मो."

परतीच्या गाडीत त्यांना तिला द्यायची उत्तरं सुचत राहिली, एकाहून एक झणझणीत. सोलो स्टेशन येईपर्यंत तेरा झाली. घरी आल्यावर टाइपरायटरवर त्यांनी चादर टाकली आणि दोन महिने ती काढली नाही. शेवटी मुर्सिनीच म्हणाली, "ती पोरगी एवढं काय वाईट बोलली? मीसुद्धा ती विहीर वगळूनच वाचते."

हे जाकार्तापेक्षा जास्त लागलं. चार दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी पहिली शेहेचाळीस पानं काढून बाजूला ठेवली आणि उरलेलं नव्याने टाइप करायला बसले.

"एक किलोवर आली," पुन्हा हेस्तीकडे निघालेलं पुडकं तोलत कास्नो म्हणाला. "आजारी होती का?"

सत्त्याण्णवच्या जुलैत पत्र आलं. पत्रच, पुडकं नव्हे. 'कादंबरी छापण्याची आमची इच्छा आहे.' खाली हेस्तीची सही. पाक दार्मोंनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि सगळ्या ऑफिसला तळलेली केळी मागवली. कास्नोने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. उलट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटला, "नीट बोला, हे लेखक आहेत."

चांगले दिवस असे मोजून दोन महिने टिकले. मग देशाचं चलन, रुपिया, कोसळलं. तेल महागलं, तांदूळ महागला, आणि कागदाला तर हात लावायची सोय उरली नाही. पाक दार्मोंनी चार पत्रं टाकली. उत्तर नाही. जानेवारीत पुडकं आलं. कास्नोने ते काट्यावर ठेवलं नाही. गुपचूप त्यांच्या खुर्चीवर ठेवलं आणि चहा आणायला निघून गेला. त्या गुपचूपपणाचाच पाक दार्मोंना जास्त राग आला.

अकरा दिवस त्यांनी ते उघडलं नाही. रविवारी मुर्सिनीने सुतळी कापली. चिठ्ठी दोन ओळींची होती. कागदाच्या भावामुळे नवी पुस्तकं रद्द, हेस्तीचीही नोकरी गेलेली. पण आत पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. 'हे दोनदा आलंय.' 'इथे छान.' 'हा माणूस कोण?' आणि एकशे नव्वदाव्या पानावर, कारखान्याचा पहारेकरी मावशीची मोळी हिसकावतो तिथे, 'मावशी इथे रडणार नाही.'

पाक दार्मो उसळले. "बघ! माझी मावशी, आणि ती रडेल की नाही हे ही ठरवणार! छापायला कागद नाही, पण पेन्सिली बऱ्या होत्या!"

"खरंच रडली होती का हो?" मुर्सिनीने विचारलं.

पाक दार्मोंनी ते पान पुन्हा वाचलं. मोळी हिसकावली तेव्हा ते सात वर्षांचे होते, तिथेच रुळांपाशी उभे होते.

"नाही," ते म्हणाले. "मी रडलो होतो."

त्या पानावरची चार वाक्यं त्यांनी चडफडतच खोडली. मग कोरा कागद चढवला.

याला सहा वर्षं झाली. जोग्या शहरातल्या एका प्रकाशकाने कळवलं, खेड्यातले विषय आता चालत नाहीत. सुराबायाच्या दुसऱ्याने तर उत्तराचीही तसदी घेतली नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या एकाने सहज विचारलं, "काय पाक दार्मो, पुस्तक कधी येतंय?" तर ते त्याच्यावर असे उखडले, की बिचारा सायकल तिथेच सोडून घरात गेला. नंतर पाक दार्मोच ती सायकल ढकलत त्याच्या दारात घेऊन गेले. माफी मागितली नाही. एवढंच विचारलं, "तुमचा मेव्हणा सेमारांगच्या छापखान्यात आहे ना? त्याचा पत्ता द्या."