पडदा थोडाच थांबतोय?

"वहिनी घाबरून थांबली तरी आपन थांबायचं नाय. पडदा थोडाच थांबतोय?"

आमच्या खारघरच्या सोसायटीचं क्लबहाउस. मी दाराबाहेर चहाचा थर्मास घेऊन उभी, आणि आत ढोलकीवाला बंड्यादादा माझ्या नवऱ्याला हे सांगत होता. नीलेश व्हायोलिन वाजवतो. तो म्हणाला, "थांबली, तर पुढच्या शोला जुन्या कीबोर्डवाल्यालाच बोलावू."

ही मंडळी मूकपटासमोर बसून नवं संगीत वाजवतात. लग्नानंतर पेटीवर मी आले. आत गेले, चहा ओतला, काही बोलले नाही. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात!

*

सिनेमा भुताचा. पहिल्या तालमीत भूत दिसताच बंड्यादादाने डोळे मिटले ते मिटलेच. पडद्यावर लग्न लागलं, तरी याची ढोलकी स्मशानातच!

"दादा, डोळे उघडा की!"

"वाजवायचं हाताने हाय ना? मग बगायचं कशाला?"

*

विजेच्या कडकडाटासाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून मोठा पत्रा आणला. बंड्यादादाने तो दोन्ही हातांनी हलवला मात्र, वरच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत खाली आल्या.

"एवढं ऊन आणि वीज कुठे पडली? मी गच्चीवरचे सगळे कपडे काढले!"

*

गिटारवाले इरफानभाई मात्र निडर. "भूतबीत काय नसतं रे!"

एकदा दिवे घालवून तालीम चाललेली. पडद्यावर भुताने दार ठोठावलं आणि नेमकं आमचंही दार वाजलं! बाहेर वॉचमन. "साब, अंधेरे में क्यों बैठे हो?"

टेबलाखालून इरफानभाईंचा आवाज आला, "लाइट लगा! पहले लाइट लगा!"

*

मी हसले नाही. सिनेमातली बाई नवी सून होती, आणि घरातलं एक दार उघडायचं नाही असं तिला बजावलेलं. तिचा हात कडीकडे गेला की माझी बोटं गार पडायची. घरी ओट्यावर बोटं फिरवून तोच प्रसंग घोटायचे. दूध उतू जायचं, सासूबाई माझ्याकडे बघत राहायच्या.

*

शोला कॉलेजचा हॉल गच्च भरलेला. दाराचा प्रसंग आला. ठरलं होतं की इथे पत्रा, पेटी, तारा, सगळं एकदम कडाडायचं. बाईने कडीला हात लावला.

मी पेटीवरून बोटं उचलली.

व्हायोलिन थांबलं. गिटार थांबली. बंड्यादादाच्या हातात पत्रा तसाच लटकत राहिला. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. दार सावकाश उघडलं. मागच्या रांगेत कुणीतरी किंचाळलं, आणि मग सगळा हॉल! तेव्हा मी खर्जातला एकच सूर धरला, आणि बाकीचे धडपडत मागून आले.

शो संपल्यावर घाम पुसत बंड्यादादा म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. घाबरलात ना?"

नीलेश माझ्याकडेच बघत होता. या लोकांशी मी आजवर "साखर किती?" याच्या पलीकडे बोलले नव्हते.

म्हटलं, "घाबरले तर मी रोजच होते. पण थांबले, कारण त्या बाईने श्वास रोखला होता. पडदा काही थांबला नव्हता, दादा. तुम्ही तिघं का थांबलात?"