वजनाचा दिवस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मुदखेडजवळच्या आमच्या गावातल्या अंगणवाडीच्या बाईंचे. परवा माझ्या लेकीला वजनाच्या झोळीत बसवलं, ती घाबरून रडली आणि मला बाई आठवल्या. लहानपणी चिडलो की मी चावायचो. एकदा शेजारच्या मुलीच्या दंडावर माझे दात उमटले, तशी तिची आई तावातावाने अंगणवाडीत आली. "बाई, ह्या पोराला काढा, न्हाईतर माझी पोरगी धाडत न्हाई." माझी आई शेतातून धावत आलेली, मान खाली घालून म्हणाली, "लई हाणा त्याला, पण काढू नका." "हाणून काय दात पडतेत व्हय?" बाई म्हणाल्या. त्या दिवशी पोरांची वजनं होती. तुळईला काटा टांगलेला, खाली कापडी झोळी, तिच्यात बसायला सगळेच भीत. बाईंनी मला काट्याजवळ उभं केलं. "जे रडंल, त्याचा हात तू धरायचा." ती मुलगी झोळीत बसताच रडू लागली, आणि तिने माझाच हात घट्ट पकडला. मी तो सोडला नाही. ते बघून तिची आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ह्याला." पुढे कॉलेजचा शेवटचा निकाल लागला त्याच दिवशी मी बाईंना पत्र पाठवलं: "बाई, मी बी.ए. झालो, आमच्या घरात पहिला. सोबत पेढे आहेत. पहिला तुम्ही खा. तोवर आई खाणार न्हाई म्हणते."